मुलींसाठी पुढारपणाची तालीम

आठवीच्या वर्गात अर्जलेखन असते. ‘आपल्या वस्तीत पाणी वेळेवर येत नाही, क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज लिहा,’ असा प्रश्न आम्ही फळ्यावर देतो. मुली अर्ज सुबक लिहितात. विषय, तारीख, समास, सारे जागच्या जागी. पण शेवटी नाव घालायची वेळ आली की दोन-चार हात वर होतात, “आपा, खाली अब्बूंचं नाव लिहायचं ना?” मुलगे हा प्रश्न कधी विचारत नाहीत. त्यांनी आपले नाव केव्हाच लिहून टाकलेले असते.

हडपसरच्या परिसरात, सय्यदनगर-रामटेकडीच्या वस्त्यांत शिकवताना असे कितीतरी प्रसंग आम्हा शिक्षकांसमोर येतात. दहावी-बारावीच्या निकालात मुलींची टक्केवारी दरवर्षी मुलांपेक्षा जास्त असते. वर्गाची मॉनिटर मुलगी, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन करणारी मुलगी, हजेरीपट बिनचूक ठेवणारीही मुलगीच. मग चार-पाच वर्षांनी पाण्याच्या टँकरसाठी, रेशन कार्यालयात किंवा शाळेच्या पालकसभेत बोलायची वेळ आली की याच मुली कुठे असतात? आल्या तरी मागच्या रांगेत, ओढणी सावरत, कुणीतरी आपल्या वतीने बोलेल याची वाट बघत. हुशारी कुठे गेली नाही. बोलायची सवय कुणी लावली नाही, एवढेच झाले.

म्हणून या महिन्यात आम्ही एका अशा शिक्षणाविषयी लिहीत आहोत जे कोणत्याही बोर्डाच्या अभ्यासक्रमात नाही. तरुण मुलींना, विशेषतः खेड्यापाड्यांतल्या मुलींना, पुढारपण शिकवण्याचे शिक्षण. ‘पुढारी’ म्हटले की आपल्याला पांढरे कपडे आणि फ्लेक्स आठवतात. इथे तो अर्थ नाही. चार लोकांत उभे राहून आपले म्हणणे मांडणे, हिशेब मागणे आणि देणे, इतरांना बरोबर घेऊन एखादे काम तडीस नेणे, एवढाच साधा अर्थ आहे.

‘तालीम’ हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत नाटकाची तालीम असते, पैलवानाची तालीम असते, म्हणजे रोजचा सराव. पुढारपणाला या दोन्ही तालमी लागतात. नुसती माहिती मिळाली तर मुलगी परीक्षेत गुण मिळवील, सभेत बोलणार नाही.

सासवड रस्त्यावरचे उदाहरण

या कामाचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. हडपसरच्या गाडीतळावरून सासवडची बस पकडली की फुरसुंगी, वडकी मागे टाकत ती दिवे घाट चढते आणि पुरंदर तालुका सुरू होतो. पाऊस कमी, जमीन कोरडवाहू, उन्हाळ्यात हंड्यांची रांग. याच तालुक्यात भुलेश्वरच्या पायथ्याशी माळशिरस नावाचे गाव आहे (सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका तो वेगळा). १९८७ साली मनीषा गुप्ते आणि रमेश अवस्थी हे दोघे या गावात राहायला गेले आणि तिथे ‘महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ’ उभे राहिले. ‘मासूम’ या छोट्या नावानेच ते जास्त ओळखले जाते. पुढे हे काम पारनेर तालुक्यातही पोहोचले, आणि संस्थेचे कार्यालय आपल्या हडपसरला आले.

शहरातून डॉक्टर, वकील, समाजसेवक गावात न्यायचे आणि बायकांनी रांगेत उभे राहून सेवा घ्यायची, ही नेहमीची पद्धत. मासूमने गावातल्याच, कमी शिकलेल्या, शेतात राबणाऱ्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांच्या आरोग्य केंद्राचे नाव ‘सदाफुली’. दुष्काळातही फुलणारे हे झाड, नाव ठेवणाऱ्यांनी विचार करूनच ठेवले असावे. ज्या तक्रारी बायका आपल्या नवऱ्यालाही सांगत नाहीत, डॉक्टरपुढे तर मुळीच नाही, त्या इथे गावातल्याच बाईला सांगता येऊ लागल्या. घरात मारहाण होणाऱ्या स्त्रियांसाठी सल्ला केंद्रेही निघाली, तीही गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांच्या भरवशावर.

यात पुढारपणाचे शिक्षण कुठे आले? जी बाई काल स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायला लाजत होती, ती दुसरीचे दुखणे ऐकते, समजावते, गरज पडली तर तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जाते आणि तिथे प्रश्न विचारते. शेजारणीच्या घरात भांडण झाले तर दोन्ही बाजू ऐकून घेते. नोंदवहीत लिहिते. हे रोज करता करता गावाला तिच्या शब्दाची सवय होते आणि तिला स्वतःच्या आवाजाची. अशी बाई मग ग्रामसभेत उठून उभी राहिली तर कुणाला नवल वाटत नाही.

‘स्त्रीवादी’ म्हणजे काय?

अशा प्रशिक्षणांना ‘स्त्रीवादी नेतृत्व प्रशिक्षण’ म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्या घरांत भुवया उंचावतात. मुलगी घर मोडायला शिकेल, मोठ्यांना उलट बोलेल, अशी भीती वाटते. म्हणून शब्दाची भीती बाजूला ठेवून आत काय आहे ते पाहू.

साध्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात मुलीला शिडी कशी चढायची ते शिकवतात : मुलाखत कशी द्यायची, इंग्रजी कसे बोलायचे. ते चांगलेच आहे. स्त्रीवादी प्रशिक्षणात आणखी एक प्रश्न असतो : ही शिडी काहींच्याच दारात का लावलेली आहे? घरातले पाणी बायका भरतात, मग पाणीपुरवठ्याच्या समितीत पुरुषच का बसतात? शेतात निंदणी-खुरपणी बायकांची, मग सातबाऱ्यावर त्यांचे नाव का नाही? आणि तिसरा प्रश्न पुढारी होणाऱ्या मुलीलाच विचारला जातो : तू वर गेल्यावर इतर मुलींचे काय? सगळी सूत्रे स्वतःच्या हातात ठेवणारी बाई ही काही पुरुष पुढाऱ्यापेक्षा वेगळी नव्हे. म्हणून अशा शिबिरांत खुर्च्या रांगेत न मांडता सगळ्यांना गोल बसवतात, सभेचे काम आळीपाळीने देतात, गावाचा नकाशा जमिनीवर काढायला लावतात. त्यात विहीर, दवाखाना, शाळा दाखवल्यावर विचारतात, यातल्या कोणत्या जागी तू एकटी जाऊ शकतेस? या एका प्रश्नावर मुली तासभर बोलतात, असा आमचा शाळेतलाही अनुभव आहे.

राखीव खुर्ची आणि रिकामा आवाज

महाराष्ट्रात बायकांनी गावकारभार हाती घेणे काही अगदी नवे नाही. पुणे जिल्ह्यातल्याच बारामती तालुक्यात निंबूत गावी १९६३ साली संपूर्ण महिलांची ग्रामपंचायत निवडून आली होती. पण असे अपवाद थोडे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्यावर आले.

खुर्ची कायद्याने मिळाली. तिच्यावर बसायचे बळ कायदा देऊ शकत नव्हता. म्हणून ‘सरपंचपती’ हा नवा हुद्दा गावोगावी तयार झाला. सही बाईची, शिक्का नवऱ्याच्या खिशात. यावर उपाय म्हणून पुण्याच्या यशदासारख्या सरकारी संस्थेने आणि अनेक सामाजिक संस्थांनी निवडून आलेल्या स्त्रियांचे प्रशिक्षण सुरू केले. ग्रामपंचायतीच्या कायद्यातही एक चांगली तरतूद आहे : नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिलांची वेगळी सभा घ्यायची. पुरुषांसमोर तोंड न उघडणारी बाई इथे आपल्या बरोबरीच्या बायकांत आधी बोलून बघते, मग मोठ्या सभेत. ही कायद्याने दिलेली तालीमच आहे. दुर्दैवाने पुष्कळ गावांत ही सभा रजिस्टरावरच भरते. वही घरोघर फिरते, अंगठे उमटतात आणि सभा ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ पार पडते.

आपल्या समाजाची यात आणखी एक अडचण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिमांचे प्रमाण सुमारे ११.५ टक्के, आणि त्यातले बहुतेक शहरांत. खेड्यात आपली घरे मोजकी : चार घरे मुलाण्यांची, दोन तांबोळ्यांची, एखादे बागवानांचे. तिथली मुलगी दोनदा संकोचते, एकदा मुलगी म्हणून आणि एकदा ‘आपली घरे थोडी, आपण कशाला पुढे जा’ म्हणून. पण अशाच गावात महिला सभेत सगळ्या जातींच्या बायकांबरोबर बसायची सवय लागली तर हा दुसरा संकोच लवकर गळून पडतो. पाण्याचा प्रश्न सगळ्यांच्या हंड्याचा असतो.

सोकोतोची नाना अस्माऊ

“हे सगळे आपल्याकडे नव्हते, हे बाहेरचे आहे,” असे काही भगिनी म्हणतील. त्यांना आम्ही आफ्रिकेतल्या एका मुस्लिम विदुषीची ओळख करून देतो.

आजच्या उत्तर नायजेरियात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोकोतोचे राज्य उभे राहिले. त्याचे संस्थापक आलिम शेख उस्मान दान फोदिओ. त्यांची मुलगी अस्मा, लोक तिला आदराने ‘नाना अस्माऊ’ म्हणत (हा ‘नाना’ तिकडचा मानाचा शब्द आहे). जन्म १७९३, इंतकाल १८६४. अरबी, फुलानी, हौसा अशा भाषांत तिने लिहिले. तिच्या साठाहून अधिक रचना आजही उपलब्ध आहेत.

पण तिचे मोठे काम लेखणीपलीकडचे. खेड्यातल्या स्त्रिया शिकायला शहरात येऊ शकत नाहीत हे तिने ओळखले. मग तिने खेड्याखेड्यांतून जबाबदार स्त्रिया निवडल्या. त्यांना ‘जाजी’ म्हणत. हौसा भाषेत हा शब्द तांड्याच्या म्होरक्यासाठी वापरत. प्रत्येक जाजीला गवताने विणलेली एक मोठी टोपी आणि तिच्यावर गुंडाळायला लाल कापड मिळे. ती टोपी म्हणजे तिचा अधिकार. ती डोक्यावर असली की वाटेत सगळे ओळखत, ही नाना अस्माऊंची शिक्षिका. जाजी आपल्या गावच्या स्त्रियांचा गट घेऊन सोकोतोला येई. लग्नाआधीच्या लहान मुली आणि संसारातून मोकळ्या झालेल्या प्रौढ स्त्रिया प्रवास करत. तिथे धडे कवितेत बांधलेले असत, म्हणजे कागद नसला तरी पाठ होत. गावी परतल्यावर हेच धडे घरात अडकलेल्या सुना-लेकींना मिळत. या स्त्रियांच्या संघटनेचे नाव होते ‘यान तारू’, म्हणजे एकत्र जमणाऱ्या.

आता पाहा, यात काय नाही? निवड आहे, प्रशिक्षण आहे, ओळखीची खूण आहे, प्रवास आहे, परत येऊन दुसऱ्यांना शिकवणे आहे. आज जगभर ज्याला ग्रामीण तरुणींचे नेतृत्व प्रशिक्षण म्हणतात, त्याचा आराखडा एका आलिमा बाईने पावणेदोनशे वर्षांपूर्वी आखला होता. आज नायजेरियात अनेक शाळा तिच्या नावाने चालतात.

त्याच पश्चिम आफ्रिकेतला दुसरा प्रसंग आपल्या काळातला. सेनेगल हाही मुस्लिमबहुल देश. तिथे ‘तोस्तान’ या संस्थेच्या वर्गांत खेड्यातल्या स्त्रिया आपल्या बोलीत आरोग्य, हक्क आणि हिशेब शिकत होत्या. १९९७ साली मालिकुंदा बाम्बारा या गावच्या स्त्रियांनी मुलींच्या शरीराला इजा करणारी एक जुनी रूढी सोडल्याचे जाहीर केले. टीका फार झाली. तेव्हा शेजारच्या गावचे एक वयस्क इमाम, देंबा दियावारा, यांनी त्यांना मोलाची गोष्ट सांगितली : एकट्या गावाने रूढी सोडून भागणार नाही, कारण आपल्या मुली ज्या गावांत दिल्या-घेतल्या जातात ती गावेही तयार झाली पाहिजेत. मग ते स्वतः पायी फिरले, सोयरिकीच्या गावागावांत जाऊन बोलले. पुढच्याच वर्षी तेरा गावांनी मिळून तसेच जाहीर केले.

आमच्या मते या प्रसंगात आपल्यासाठी सर्वांत कामाचा धडा आहे. मुलीला तयार केले, पण तिच्या अवतीभवतीची माणसे तयार केली नाहीत, तर ती एकटी पडते. वडील, भाऊ, सासर, मोहल्ल्यातले बुजुर्ग यांच्याशीही कुणीतरी बोलावे लागते. ते काम एखाद्या समजदार पुरुषाने अंगावर घेतले तर दहा शिबिरांइतका फरक पडतो.

पुण्याचा वारसा

आपल्या पुण्यालाही हा धडा ठाऊक होता. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याआधी स्वतः अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, हे पुष्कळांना माहीत नसते. नुसत्या जिद्दीवर त्या वर्गात उभ्या राहिल्या नाहीत. आणि १८५६ साली आजारपणामुळे त्या माहेरी नायगावला होत्या, तेव्हा तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण तिथे नसल्याने फातिमावर कामाचा भार पडत असेल, याची काळजी सावित्रीबाईंनी केली आहे. फातिमा शेख यांच्याविषयी आज खूप काही बोलले जाते. आम्हाला मात्र हा छोटासा उल्लेखच मोठा वाटतो. सोबतीण आजारी पडली तरी शाळा बंद पडली नाही, कारण काम सांभाळणारी दुसरी तयार होती.

घरातून काय करता येईल?

आता आपल्या घरापर्यंत येऊ. शिबिर पुण्यात असो की सासवडला, पहिला प्रश्न परवानगीचा. दोन रात्री मुक्काम म्हटला की अम्मीचे उत्तर ठरलेले, “नक्को बेटी, लोकां क्या बोलेंगे?” ही काळजी खोटी नाही; तिला थट्टेत उडवू नये. पण काळजीचे रूपांतर प्रश्नांत करता येते. शिबिर कोण घेते, जबाबदार स्त्री कोण? मुक्काम कुठे, दार-खिडक्या, संडास-बाथरूम कसे? जेवण काय, नमाजाची सोय आहे का? गावातल्या, ओळखीच्या आणखी कोण मुली जात आहेत? फोन कुणाला करायचा? संस्था चांगली असेल तर ती या प्रश्नांवर रागावत नाही, उलट आईलाच एक दिवस येऊन बघायला सांगते. एकीऐवजी चार मैत्रिणी मिळून गेल्या तर घरच्यांची धास्ती निम्मी होते आणि परत आल्यावर मुलीही एकाकी पडत नाहीत.

परत आलेल्या मुलीचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न. ती पहिल्या आठवड्यात थोडी जास्त बोलेल. “भाईने ताट का उचलू नये?” असेही विचारील. ऐकून घ्या. घरात जिला प्रश्न विचारता येत नाही ती कार्यालयात साहेबाला काय विचारणार? आणि तो भाईही ताट उचलायला शिकला तर त्याचे काही बिघडत नाही.

शिबिराला पाठवणे शक्य नसेल तरी सरावाच्या जागा आजूबाजूला आहेतच. वीजबिलाची तक्रार, रेशनकार्डातली नावाची दुरुस्ती, बँकेतले केवायसी, ही कामे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर सोपवा. पहिल्यांदा बरोबर जा, पण खिडकीशी तिला बोलू द्या. आईच्या बचत गटाचे रजिस्टर तिला लिहू द्या. शाळेत मीना राजू मंच असेल तर त्यात तिचे नाव आहे का विचारा.

आणि मातांनो, एक जागा तर तुमच्यासाठीच राखून ठेवलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार, विनाअनुदानित खासगी शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा करणे, आलेले अनुदान कुठे खर्च झाले ते बघणे, ही तिची कामे. पण बऱ्याच ठिकाणी मातांची नावे यादीत असतात आणि सभेची वही सहीसाठी मुलांबरोबर घरी येते. पुढच्या वेळी वही आली तर सही करण्याआधी वाचा. सभा केव्हा झाली ते विचारा. पुढच्या सभेला दोन शेजारणींना घेऊन या, आणि एकच प्रश्न तयार करून आणा : मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी का नसते?

त्या सभेला येताना घरातल्या मोठ्या मुलीलाही बरोबर आणा. तिला बोलायला सांगू नका, नुसती शेजारी बसू द्या. आई सभेत उठून प्रश्न विचारते हे तिने एकदा पाहिले, तर अर्जाखाली कुणाचे नाव लिहायचे हे तिला आम्हाला विचारावे लागणार नाही.